बी.कॉम.चा विद्यार्थी शिकतो तरी काय?



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे तिचे अनुकरण गावोगाव झाले. अशा मालेत इतिहास, काव्य, अध्यात्म ह्या विषयांवर बोलणारे थोर वक्ते येऊन जातात. त्यांच्यामागून जमाखर्चावर बोलण्यास उभे राहणे म्हणजे पंचपक्वान्ने वाढून झाल्यावर पानात मीठ वाढायला येण्यासारखे आहे. पण स्वतः रानड्यांनीच देशाच्या व्यापारउद्योगाचा विचार आयुष्यभर केला, हे आठवले की मला थोडा धीर येतो. शिवाय मीठ उशिरा आले तरी ते कोणी परत पाठवीत नाही.

हा विषय मला येथल्याच महाशिवरात्रीच्या यात्रेने दिला. प्रतापगडचा महादेव आणि जवळचा ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा, दोन्हींकडे येणाऱ्या भाविकांची ती गर्दी आपण सर्व जाणताच. त्या गर्दीत एका पोह्याच्या दुकानापाशी मी टेकलो होतो. दुकान चालविणाऱ्या बाईंना कळले की मी वाणिज्य शिकविणारा मास्तर. त्यांनी कढईतला झारा न थांबविता मला विचारले, "गुरुजी, आमचा पोरगा बी.कॉम. करून राहिला. दोन वर्षं झाली. तो शिकते तरी काय?"

मी तीस वर्षे हा विषय शिकविला. परंतु हा प्रश्न मला कोणी इतक्या सरळपणे विचारला नव्हता. मी काहीतरी उत्तर दिले. त्या बाईंचे त्याने समाधान झाले नाही आणि, खरे सांगायचे तर, माझेही झाले नाही. आजचे व्याख्यान हे त्या बाईंना उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. व्यापार हा बापाने मुलाला गादीवर बसवून शिकवावयाचा, त्याला कॉलेज कशाला, असेच जगभर समजत असत. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे व्हार्टन नावाच्या उद्योगपतीच्या देणगीतून १८८१ साली विद्यापीठात व्यापारशिक्षणाची शाळा निघाली. आपल्याकडे मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली स्थापन झाले. आपल्या विदर्भात वर्धा येथे १९४० साली शिक्षा मंडळाने वाणिज्य महाविद्यालय काढले, आणि पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ साली. म्हणजे हे शिक्षण काही फार पुरातन नव्हे.

सिडनहॅम कॉलेजच्या संबंधात एक गोष्ट आपल्याला सांगितली पाहिजे. १९१८ ते १९२० ह्या काळात तेथे अर्थशास्त्र शिकविणारे एक तरुण प्राध्यापक होते. त्यांचे नाव डॉ. भीमराव आंबेडकर. पुढे १९२३ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५४ साली ते ह्याच भंडारा भागातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. त्या वेळी गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १९९९ साली झाला. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला हे आपण जाणता. पण घटना लिहिणाऱ्या ह्या महापुरुषाने रुपया म्हणजे काय, हा प्रश्न आधी हाती घेतला होता, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पैशाचा विचार हा केवळ शेठजींचा विचार आहे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. व्यवसायशिक्षणाच्या पदव्या मुख्यतः दोन. एक बी.कॉम., म्हणजे वाणिज्याची पदवी. तिच्यात हिशेब, कर आणि कायदा यांवर भर. दुसरी बी.बी.ए. किंवा बी.एम.एस., म्हणजे व्यवस्थापनाची पदवी. तिच्यात माणसे, बाजार आणि कारभार यांवर भर. ह्या दुसऱ्या पदवीसाठी महाराष्ट्रात २०२४ पासून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे. ज्या पालकांना तिकडे जावयाचे असेल त्यांनी ही चौकशी बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नये. दोन्हींच्या विषयपत्रिका समोर ठेवल्या तर नावे वेगळी, क्रम वेगळा, पण मूळ विषय आठ-नऊच दिसतात. ते एकेक करून पाहू.

पहिला विषय हिशेबलेखन. आपल्या आजोबांच्या वह्यांत रोजकीर्द होती, खतावणी होती, तेरीज होती आणि शेवटी ताळेबंद होता. बी.कॉम.चा मुलगा ह्याच चार पायऱ्या चढतो. फक्त नावे इंग्रजी असतात आणि आता वहीच्या जागी संगणक असतो. प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू असतात, एक जमा आणि एक नावे, हे ह्या विद्येचे बीज. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ही पद्धत मांडली. त्याने ती शोधून काढली नव्हती. तेथले व्यापारी ती आधीच वापरीत होते. साधूने व्यापाऱ्यांची वही वाचली आणि ती सर्वांसाठी खुली केली, एवढेच.

ह्या विषयात मुलगा एक गोष्ट शिकतो, ती आपल्या गावच्या प्रत्येक दुकानदाराने शिकावी असे मला वाटते. नफा निराळा आणि हातातला पैसा निराळा. समजा, एका किराणा दुकानात पावसाळ्याच्या तीन महिन्यांत १ लाख रुपयांची विक्री झाली. माल ८० हजारांचा होता. वहीत नफा २० हजार. दुकानदार खूष. पण विक्रीपैकी ६० हजारांची उधारी आहे, आणि ती धान निघाल्याशिवाय येणार नाही. हातात आले ४० हजार. ठोक व्यापाऱ्याचे देणे ८० हजार, आणि तो दिवाळीपूर्वी मागतो. मग नफ्यात असलेले हे दुकान कुलूप लावण्याच्या पाळीला येते. लोक म्हणतात, दुकान चांगले चालले होते, कोणाची तरी नजर लागली. नजर वगैरे काही लागलेली नसते. उधारी किती दिवसांची द्यावी आणि उधारी किती दिवसांची घ्यावी, ह्या दोन मुदतींचा मेळ बसलेला नसतो. ह्याला पुस्तकात खेळत्या भांडवलाचे व्यवस्थापन असे भारदस्त नाव आहे.

दुसरा विषय परिव्ययाचा, म्हणजे एखादी वस्तू आपल्याला पडली कितीला हे काढण्याचा. आपण पोह्याच्या त्याच दुकानाकडे जाऊ. आकडे मी उदाहरणासाठी धरतो. यात्रेचे तीन दिवस. जागेचे भाडे ३,००० रुपये, मांडव १,५००, सामानाची नेआण १,५००, एकूण ६,०००. पोहे एक प्लेट विका किंवा हजार विका, हा खर्च ठरलेलाच. एका प्लेटला पोहे, तेल, कांदा, गॅस, पत्रावळ मिळून १८ रुपये लागतात आणि ती ३० रुपयांना जाते. प्लेटमागे सुटले १२. मग ६,००० रुपये भरून निघायला किती प्लेटी लागतील? ५००. चारशे प्लेटी विकल्या तर गल्ल्यात १२,००० रुपये दिसतात, सामानाचे ७,२०० वजा जाऊन ४,८०० हाती राहिलेसे वाटतात. पण ठरीव खर्च धरला की त्या घरात १,२०० रुपयांचा तोटा आला. पाचशेच्या पुढची प्रत्येक प्लेट मात्र १२ रुपये नफा देते. ७०० प्लेटी गेल्या तर नफा २,४००.

येथे विद्यार्थी टाळ्या वाजवून वही मिटतो, आणि चांगला मास्तर त्याला म्हणतो, थांब. त्या दुकानात नवरा-बायको दोघे तीन दिवस राबले. दुसरीकडे कामाला गेले असते तर, समजा, रोज ३०० रुपयांप्रमाणे दोघांना १,८०० मिळाले असते. ते वजा केले तर नफा ६०० उरतो. स्वतःच्या घामाची किंमत धरावयाची की नाही?

सभ्य गृहस्थहो, हा प्रश्न पोह्यापुरता नाही. सबंध देशात धानाच्या भावाविषयी जे भांडण चालले आहे, ते ह्याच प्रश्नाचे आहे. सरकार आधारभूत भाव ठरविते तेव्हा शेतकऱ्याचा उत्पादनखर्च काढते. त्यात बियाणे, खत, मजुरी असा रोख खर्च येतो आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल येते. २०२४-२५ च्या हंगामासाठी धानाचा असा खर्च क्विंटलमागे १,५३३ रुपये धरला गेला आणि त्याच्या दीडपट म्हणून साधारण धानाचा भाव २,३०० रुपये ठरला. शेतकरी संघटना म्हणतात, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याजही खर्चातच धरा, आणि मग दीडपट करा. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीचा अर्थ काय, ह्यावरचा वाद तो हाच. कोणाची बाजू बरोबर हे ज्याने त्याने ठरवावे. पण "खर्च" ह्या साध्या शब्दाच्या पोटात काय काय घालावयाचे, हे ज्याला कळत नाही त्याला हा वाद नुसता गलका वाटेल. आणि ज्या मुलाचा बाप धान पिकवितो त्या मुलाला तो गलका वाटता कामा नये.

तिसरा विषय गणित आणि वित्त. यातले व्याज तेवढे मी घेतो, कारण ह्या सभेत बचत गटांच्या भगिनी बसल्या आहेत. समजा, एकीने १२,००० रुपये कर्ज घेतले. सांगितले गेले, व्याज शेकडा १२, फेड बारा मासिक हप्त्यांत. वर्षाचे व्याज १,४४०, एकूण १३,४४०, हप्ता १,१२०. सर्व सरळ दिसते. पण बारा हजार रुपये तिच्याजवळ वर्षभर राहिले का? पहिल्या महिन्यापासून ती मुद्दल परत करीत गेली. सहाव्या-सातव्या महिन्यात तिच्याकडे सुमारे निम्मीच रक्कम उरली, पण व्याज मात्र पुऱ्या बारा हजारांवर धरलेले. हिशेब नीट मांडला तर खरा दर वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जातो. शेकडा १२ म्हणणारा खोटे बोलला नाही. आपण एक प्रश्न विचारावयास विसरलो. व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर? एवढा एक प्रश्न विचारता आला तर त्या विषयाची फी वसूल झाली.

चौथा विषय व्यापारी कायदा. १८७२ चा कराराचा कायदा, १८८१ चा हुंडी-धनादेशांचा, १९३० चा मालविक्रीचा, १९३२ चा भागीदारीचा, २०१३ चा कंपन्यांचा, २०१९ चा ग्राहक संरक्षणाचा, अशी ही माळ आहे. मुले ती कलमांच्या आकड्यांसह पाठ करतात. ह्या विषयावर बोलताना मला माझ्या घरची एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर वर्गात सांगितलेली नाही.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात होतो. मार्चच्या परीक्षेत प्रश्न आला, जामीनदाराची जबाबदारी स्पष्ट करा. मी कराराच्या कायद्याचे १२८ वे कलम लिहिले. कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. करारात निराळे ठरले नसेल तर सावकाराने आधी कर्जदाराच्या मागे लागलेच पाहिजे असे नाही, तो सरळ जामीनदाराकडे येऊ शकतो. उत्तर उत्तम झाले. त्या विषयात मला वर्गात सर्वांहून अधिक गुण मिळाले आणि घरी साखर वाटली.

जून महिन्यात आमच्या घरी एक नोटीस आली. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थासाठी कर्जाच्या कागदावर सही केली होती. ते गृहस्थ गाव सोडून गेले होते. वडील मला म्हणाले, "अरे, मी तर नुसती सही केली. पैसा त्यानं घेतला, मी एक रुपया पाहिला नाही. ते माझ्याकडे कसे मागतील?" मी नोटीस वाचली. तिच्यात माझेच परीक्षेतले उत्तर, जवळपास शब्दशः, छापलेले होते.

आमची तलावाखालची दीड एकर जमीन त्यात गेली. वडील मला रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "हे तुला ठाऊक होतं?" मी म्हटले, "होय." ते म्हणाले, "मग घरात बोलला का नाहीस?"

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. सही त्याआधीच होऊन गेली होती, मी बोललो असतो तरी ती पुसली गेली नसती, असे मी मनाला सांगून पाहिले. पण खरी गोष्ट अशी की जामीन हा शब्द मला पुस्तकातला वाटला होता. माझ्या घरातल्या लाकडी पेटीत त्या शब्दाचा कागद असू शकेल, हे माझ्या स्वप्नातही आले नाही. आमच्या शिक्षणाचे वैगुण्य कोणते असे कोणी मला विचारले, तर मी ही दीड एकर जमीन दाखवितो.

पुढचे तीन विषय मी जरा लवकर आटोपतो. अर्थशास्त्रात मुलगा मागणी, पुरवठा, चलन, महागाई शिकतो. करांमध्ये प्राप्तिकर आणि १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर शिकतो. बाजारपेठेच्या विषयात तो शिकतो की विकणे म्हणजे ओरडणे नव्हे. कोणाला, केव्हा, कोणता माल हवा हे आधी ओळखणे. पुस्तकात याला परदेशी कंपन्यांची उदाहरणे असतात. आपल्या शेजारी गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटी कुटुंबे हिवाळ्यात दूरदूरच्या शहरांत जाऊन स्वेटर विकतात, हे आपण पाहिले आहे. हा माल ते पुष्कळदा लुधियान्याच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचलतात आणि हंगाम संपल्यावर पैसे चुकते करतात. घर सोडून आलेली माणसे, हजार मैलांवरचा व्यापारी, आणि मधे केवळ शब्द! ज्याला आपण पत म्हणतो ती ही. ती पुस्तकाच्या दहा पानांत समजत नाही, ती एका हंगामात समजते. आपल्या महाविद्यालयांतल्या किती मुलांनी त्या वसाहतीत जाऊन हा व्यापार समजून घेतला असेल?

व्यवस्थापनाचेही तसेच. अमेरिकेतील टेलर, फ्रान्समधील फेयोल यांची तत्त्वे मुले लिहितात. कामाची वाटणी, अधिकाराबरोबर जबाबदारी, शिस्त, समन्वय. उत्तम तत्त्वे आहेत. पण आपल्या ह्या तलावांच्या जिल्ह्यात कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांध घातले, पाणी अडविले, वरच्या शेताला किती आणि खालच्या शेताला किती हे ठरविले, गाळ कोणी काढावयाचा हे ठरविले, तेही व्यवस्थापनच होते. नवेगावबांधाकडे ह्या नजरेने पाहावे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जावयास हवीच होती. पण तिच्याबरोबर तलाव सांभाळण्याची पुष्कळ ठिकाणची जुनी व्यवस्था ढिली पडली आणि गाळ साचत गेला. मालकी बदलली तेव्हा कामाची जबाबदारी कोणाकडे गेली, हे कोणी नीट लिहून ठेवले नाही. फेयोलच्या अधिकार आणि जबाबदारी ह्या तत्त्वावर याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आणि ते शोधायला फ्रान्सला जावे लागत नाही.

आता शेवटचा विषय, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. तो म्हणजे लेखापरीक्षण. दुसऱ्याने लिहिलेला हिशेब तपासून, तो खरा आहे की नाही हे सांगण्याची विद्या. १८९६ साली इंग्लंडातील एका प्रसिद्ध निवाड्यात न्यायाधीशांनी लेखापरीक्षकाला घराच्या राखणदार कुत्र्याची उपमा दिली. शिकारी कुत्र्यासारखे त्याने प्रत्येकाच्या मागे लागू नये, पण संशयास पुरेसे कारण दिसले तर गप्पही बसू नये. मुलगा येथे पावती पाहावयास शिकतो, शिल्लक मोजावयास शिकतो, आणि "सर्व ठीक आहे" ह्या वाक्याखाली सही करणे ही केवढी जोखीम आहे हे शिकतो. सहीची जोखीम काय असते ते मी आपल्याला आताच सांगितले.

ह्या विद्येची गरज मुंबईच्या पेढ्यांना आहे, तशीच ती आता आपल्या रानालाही लागली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळू लागले. गडचिरोली आणि आपल्या गोंदिया जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करतात. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. भर उन्हात पहाटेपासून पाने तोडणारी बाई फळीवर पुडे मोजून देते. तिचे पुडे वहीत चढतात, गोण्या व्यापाऱ्याकडे जातात, पैसा बँकेत येतो, मग मजुरी, मग उरलेली रक्कम. पूर्वी हा सर्व हिशेब दुसरा कोणी ठेवीत असे. चुकला तर आपण त्याला दोष देऊन मोकळे होत होतो. आता वही आपली झाली. निविदा कशी वाचावी, व्यापाऱ्याने पहिला हप्ता दिला आणि दुसरा अडविला तर करारातले कोणते कलम पुढे करावे, कर कोणी भरावयाचा, आणि ग्रामसभेपुढे ताळेबंद असा कसा वाचावा की पाने तोडणाऱ्या बाईला तो कळेल? मघाशी सांगितलेले सर्व विषय ह्या एका कामात एकत्र येतात. हक्क मिळणे ही अर्धी गोष्ट. हक्काचा हिशेब ठेवता येणे ही उरलेली अर्धी. ती उरलेली अर्धी जर गावात कोणाला येत नसेल, तर वही पुन्हा बाहेरच्याच्या हाती जाईल, आणि ह्या वेळी ती आपणच आपल्या हाताने दिलेली असेल.

म्हणून त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. बी.कॉम.चा मुलगा पैसा कमवावयास शिकतो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. तसे असते तर आम्ही वाणिज्याचे मास्तर सगळे श्रीमंत झालो असतो! (हशा) तो शिकतो दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब देणे. भागीदाराला, सावकाराला, सरकारला, गावाला. ज्याला हिशेब देता येतो त्यालाच तो मागताही येतो. लोकशाहीत ही दोन्ही कामे नागरिकाची आहेत.

पण हे उत्तर पुरे करण्यापूर्वी मला उणेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी वाईट लेखापरीक्षक ठरेन. हे सर्व अभ्यासक्रमात आहे. मुलाच्या डोक्यात असतेच असे नाही. पुष्कळ मुले बाजारातली मार्गदर्शके वाचून उत्तीर्ण होतात. तीन वर्षांत एक खरे बिलबुक हातात न घेता पदवी मिळविणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांना गुण देणाऱ्यांत मीही होतो. पदवी घेतली म्हणजे मुलगा सनदी लेखापाल झाला, असाही काही पालकांचा समज असतो. ती परीक्षा स्वतंत्र आहे, ती घेणारी संस्था स्वतंत्र आहे आणि तिची वाट लांब आहे. नुसत्या पदवीवर नोकरी दाराशी येईल, असे आश्वासन मी आपल्याला देणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रकार्य आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव ह्या गोष्टी अभ्यासक्रमात आल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण एखाद्या ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून आणला की अनुभव झाला, असे आपण होऊ दिले, तर त्या कागदाची किंमत माझ्या १२८ व्या कलमावरील उत्तराएवढीच राहील.

ह्याला उपाय सरकारने करावा, विद्यापीठाने करावा, हे मी म्हणणारच आहे. पण एक उपाय आपल्या हातात आहे आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी शिकते आहे, त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर कागदांची पेटी उघडावी. कर्जाचा कागद, जामिनाचा कागद, विम्याचा कागद, धान विकल्याची पावती, बचत गटाचे पासबुक. ते सर्व त्या मुलापुढे ठेवावे आणि म्हणावे, बाळ, हे आम्हांला वाचून दाखव. त्याला कदाचित येणार नाही. मग तो उद्या वर्गात जाऊन मास्तरांना विचारील. मास्तरांना येणार नाही, तर ते ग्रंथालयात जातील. एवढे एका वर्षात चार घरांनी केले, तर अभ्यासक्रम न बदलता शिक्षण बदलेल.

आणि मुलांना माझे सांगणे एकच. जे शिकाल ते घरात बोला. कोणी विचारण्याची वाट पाहू नका. तुमच्या वडिलांना वाटते की मुलगा मोठ्या गोष्टी शिकतो आहे, त्याला आपल्या लहान कागदांत काय गोडी. आणि तुम्हांला वाटते की आपले पुस्तक मोठ्या पेढ्यांचे आहे, त्याचा आपल्या घराशी काय संबंध. दोघेही गप्प बसतात, आणि तेवढ्यात कोणीतरी सही घेऊन जातो.

पुढल्या महाशिवरात्रीला मी त्या पोह्याच्या दुकानावर पुन्हा जाणार आहे. बाईंना हे सर्व सांगण्याची गरज पडू नये, अशी माझी इच्छा आहे. त्यांच्या मुलाने आधीच आईजवळ बसून, भाडे किती, मांडव किती, एका प्लेटमागे सुटते किती, हे मांडलेले असावे. आणि कितव्या प्लेटीपासून आपले पैसे सुटू लागतात हे त्या माउलीने मला झारा न थांबविता सांगावे. मग मी समजेन की तो मुलगा बी.कॉम. झाला.